पडद्यावर मेलेली विहीर

एक

देवमळ्याची विहीर मेली ती मॅडमच्या खोलीत, सकाळचा चहा यायच्या आत.

खऱ्या देवमळ्यात काहीच बिघडलं नव्हतं. तिथं पाणी होतं, कपारीत पारवे होते, आणि लंकाबाई रोजच्यासारखी वजन बांधलेली फीत आत सोडून पाणी कुठवर आहे ते बघत होती. मेली होती ती संगणकाच्या पडद्यावरची विहीर. पावसाळ्यात चढणारी आणि दिवाळीनंतर हळूहळू उतरणारी पाण्याची रेघ जिथं दिसायला हवी, तिथं तळाला चिकटलेली एक सपाट रेघ पडली होती. त्या रेघेवर अंतराअंतरावर उंचच उंच खांब उभे होते, माळावरून विजेची लाइन जावी तसे.

यशोधरा तेव्हा दारातच होती, कडेवर नऊ महिन्यांची सृष्टी. केंद्राच्या प्रमुख डॉ. पुष्पावती जगधने यांना सकाळी सृष्टीचा गाल ओढल्याशिवाय चहा गोड लागत नसे, म्हणून ती रोज या वेळेला पोरीला घेऊन कर्मचाऱ्यांच्या बैठ्या घरांतून इकडे यायची. आज मॅडमनी पोरीकडे पाहिलंही नाही.

"महेंद्र, ही विहीर आहे की वीज मंडळाची लाइन?"

महेंद्र भिंगारदिवे म्हणजे यशोधराचा नवरा. केंद्राच्या संगणकाचं काम त्याच्याकडे होतं. तो पडद्याजवळ वाकला, सरळ झाला, पुन्हा वाकला. दुसरी विहीर उघडली, तिसरी उघडली. तिन्ही गावच्या तिन्ही विहिरी तशाच, सपाट आणि खांबांनी भरलेल्या. मग त्यानं आकडे कागदावर काढले. करकरत बाहेर आलेल्या लांबलचक कागदावर सगळे आकडे ठीक होते. मधूनच मात्र एक राक्षसी आकडा बसलेला होता, ओळीत न मावणारा. कोणत्याही विहिरीत एवढं पाणी नसतं, समुद्रातही नसेल. आणि दर वेळी आकडा तोच, एका अंकाचाही फरक नाही.

महेंद्रनं त्या आकड्यावर बोट ठेवलं. "हा आकडा मी टाकलेला नाही, मॅडम. परवा माझ्या मशीनवर सगळं नीट होतं."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पुण्याहून पाहुणे परवा येणार होते. केंद्राचं पुढचं काम त्यांनी बघून ठरवायचं होतं, आणि महेंद्रची परिविक्षेची मुदतही याच महिन्यात संपत होती. नोकरीवर कायम करायचं की घरी पाठवायचं, तो कागद मॅडमच्या खणात सहीवाचून पडलेला होता. हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

"तू टाकलेला नाहीस," त्या सावकाश म्हणाल्या, "मग कोणी टाकला?"

दोन

कर्जतच्या बाहेर माळावर एका संस्थेचं हे भूजल अभ्यास केंद्र. चार खोल्या, एक जीप, मागं बैठी घरं, कडेनं शेवग्याची झाडं. आजूबाजूच्या तीन गावांत एकेका विहिरीवर एकेक बाई नेमलेली. तिनं रोज सकाळी पाण्याची पातळी मोजायची आणि कागदावर लिहायची. आठवड्याला जीप जाऊन ते कागद आणायची. काम साधं, पण वर्षानुवर्षं न चुकता केलं तर सोन्यासारखं. यशोधराला इथलं राहणं आवडायचं. वारा मोकळा, शेजार बरा, आणि पोरीला कोणी ना कोणी उचलून घ्यायचंच. तिचा जीव तसा घाबरा; पोर शिंकली तरी ती रात्रभर कपाळाला हात लावून बसायची. पण या माळावर आल्यापासून तिची झोप सुधारली होती. म्हणूनच सकाळपासून तिच्या मनात एकच प्रश्न होता. इथून जायचं म्हणजे कुठं जायचं?

दुपारी जेवायला आलेल्या महेंद्रनं भाकरीचे तुकडे नुसतेच केले. तिनं त्याला पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं. ती नगरच्या कॉलेजातून संख्याशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेली, लग्नानंतर त्या शास्त्राचा उपयोग पोरीच्या वजनाचा आलेख काढण्यापुरताच उरला होता.

गोष्ट अशी होती. आजवर केंद्राचे आकडे साध्या तक्त्यात ठेवले जायचे. पण पुण्याच्या लोकांनी यंदापासून नव्या धर्तीची फाईल मागितली होती. परदेशातले हवामानवाले, उपग्रहवाले ती वापरतात; तशी फाईल असली की दहा ठिकाणचे आकडे एकत्र जुळवता येतात. महेंद्र त्यासाठी हैदराबादला शिकून आला होता. जुनी आणि नवी यांत फरक काय, हे त्यानं तिला तेव्हाच स्वयंपाकघरात समजावलं होतं. जुनी फाईल म्हणजे कांद्याचं पोतं, आत नुसते आकडे. नवी फाईल म्हणजे मसाल्याचा डबा. प्रत्येक वाटीत काय आहे, कुठून आलं, कोणत्या मापानं मोजलं, याची चिठ्ठी त्या डब्यातच.

अडचण एवढीच, की डबा उघडणारा प्रोग्राम फक्त महेंद्रच्या नव्या मशीनवर होता. मॅडमचं मशीन जुनं, त्याला पोतंच कळायचं. म्हणून हैदराबादहून मिळालेल्या एका छोट्या प्रोग्रामनं महेंद्रनं डब्यातले आकडे पुन्हा पोत्यात ओतले आणि फ्लॉपी तयार केली. फ्लॉपी बाहेर निघते न निघते तोच वीज गेली, आली ती एवढ्या जोरात आली की त्याचं मशीनच जळालं. दुरुस्तीला नगरला गेलं. आठवडाभर तरी येणार नव्हतं. बायकांनी लिहिलेले मूळ कागद तपासणीसाठी पुण्याला जाऊन बसलेले. म्हणजे ताडून बघायला हाती काहीच नाही.

"फ्लॉपी कोणाकोणाच्या हातात होती?" तिनं विचारलं.

"माझ्या. मग श्रीमंतकाकांनी ती कपाटात ठेवली. कपाटाची दुसरी किल्ली सुनीलकडं."

सुनीलचं नाव घेताना त्यानं भिंतीकडं पाहिलं. त्या भिंतीपलीकडंच सुनील धांडे राहत होता. महेंद्र येण्याआधी संगणक त्याच्याकडे होता. हैदराबादला आपल्याला पाठवलं नाही, हे त्याच्या मनाला लागलं होतं. ते तो हसण्यावारी न्यायचा, पण दर वेळी न्यायचा.

"त्यानंच केलंय," महेंद्र म्हणाला. "आजच मी मॅडमना सांगणार."

यशोधरानं त्याच्या ताटात ताक वाढलं. भिंतीपलीकडं सुनीलची बायको सीमा पाटा धूत होती. सृष्टीच्या अंगाला लावायचं तेल तिच्याच घरातून यायचं.

"उद्या सांगा," ती म्हणाली. "आज नको."

तीन

श्रीमंतकाका जीपही चालवायचे आणि भांडारही सांभाळायचे. यशोधरा पोरीला घेऊन गेली तेव्हा ते बॉनेट उघडून बसले होते. सृष्टीला बघून त्यांनी हात पुसले, आणि विचारायच्या आधीच कबुली दिल्यासारखं बोलू लागले. चूक त्यांचीच असणार असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. कपाटात ठेवायच्या आधी ती फ्लॉपी थोडा वेळ जीपमधल्या स्पीकरवर राहिली होती. स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं, आणि चुंबकानं फ्लॉपी खराब होते, हे त्यांना आज दुपारी कोणीतरी सांगितलं.

"ताई, माझ्यापायी त्या पोराची नोकरी जाती का काय? मॅडमला मी सांगतो की माझंच चुकलं."

यशोधरा विचारात पडली. चुंबकानं बिघाड झाला तर तो कसाही होईल. फ्लॉपी उघडणारच नाही, नाहीतर अर्धे आकडे कचरा होतील. इथं बिघडलेला प्रत्येक आकडा एकच होता, आणि बाकीचे सगळे धुतल्या तांदळासारखे. चुंबकाला असं निवडून खाता येत नाही. तिनं काकांना तसं सांगितलं. त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलं आणि जीभ सैल झाली.

मग ते हळूच म्हणाले, की एक गोष्ट त्यांनी मॅडमना सांगितलेली नाही. आज मॅडम यायच्या आधी सुनील त्यांच्या खोलीत होता. मशीन चालू होतं. काकांनी आवाज दिला तर तो दचकला, बटण बंद करून निघून गेला, आणि चहालाही थांबला नाही.

यशोधराच्या मनात आलं, म्हणजे महेंद्र म्हणतो ते खरंच?

ती तशीच सीमाच्या दारात गेली. सीमानं पोरीला घेतलं, बसायला पाट दिला, पण नजर चुकवली. सुनील सकाळपासून जेवला नव्हता. तो आत खाटेवर होता, बाहेर येऊन "वहिनी" म्हणून उभा राहिला. यशोधरानं आडून-आडून विचारत नेलं. आकडे भरायला कोण बसायचं? दोघं, तो म्हणाला. कागदावरचा आकडा तो वाचायचा आणि महेंद्र मशीनवर टाकायचा. भांडण वगैरे? कधीच नाही. फ्लॉपीत काही बदल? त्यानं सृष्टीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, की एका आकड्यालाही हात लावला नाही.

यशोधरानं ते मानलं. पोरीच्या डोक्यावर ठेवलेला हात त्यानं लगेच काढून घेतला नाही. काढला तो नंतर, ती सहज बोलून गेली तेव्हा.

"मागच्या वर्षांच्या आलेखात असे खांब कधी नव्हते ना हो, भाऊजी?"

कामाचं निमित्त काढून सुनील चपला न घालताच बाहेर पडला.

चार

दुसऱ्या दिवशी दुपारी सृष्टी झोळीत झोपली, तेव्हा यशोधरानं तो लांब कागद जमिनीवर पसरला. महेंद्रनं तिच्या सांगण्यावरून खांबांचा आलेखही काढून आणला होता, शिवाय मॅडमच्या भिंतीवरचा मागच्या वर्षाचाही. मॅडमकडे जायचं त्यानं संध्याकाळवर ढकललं होतं, तेही तिच्या हट्टानं.

तिनं आधी एक साधा प्रश्न घेतला. कोणाला वाईटच करायचं असतं, तर त्यानं काय केलं असतं? चार ठिकाणी चार आकडे बदलले असते, कुणाला पत्ता लागला नसता. एवढे मोठे खांब रोवून कोणी चोरी करत नाही. शिवाय तिन्ही गावं वेगळी, बायका वेगळ्या, तरी खांब एकाच दिवशी. म्हणजे जे काही घडलं ते फ्लॉपीत घडलं असेल, किंवा तिन्ही गावांत एकदमच घडलं असेल.

पुढं तिला काही सुचेना. मन भरकटलं, आणि भरकटलं ते जिथं नेहमी जातं तिथंच. तिनं आलेखावर आपल्या पोरीचा जन्मदिवस शोधला. वैशाख पौर्णिमा. भिंगारला आईकडे बाळंतपण झालं होतं. बाहेर विहारात बुद्धवंदना चालू, पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका, आणि आत तिची आई भागिरथी दाराशी उभी राहून एका कानानं वंदना आणि दुसऱ्या कानानं पोरीचं पहिलं रडणं ऐकत होती. तो दिवस यशोधरानं बोटानं गाठला. उन्हाळा होता, विहिरीत पाणी तळाला गेलेलं असणार. बोट ठेवलं तिथं खांब नव्हता. डावीकडे एक खांब, उजवीकडे एक, आणि तिची लेक बरोबर मध्ये.

बरोबर मध्ये. तिनं पट्टी घेतली. एका कणाचाही फरक नाही.

तिच्या घरात महिना पौर्णिमेनं मोजतात. पौर्णिमेला वंदना, पौर्णिमेला खीर. पुढची पौर्णिमा, ज्येष्ठातली. बोट ठेवलं, पुन्हा दोन खांबांच्या मध्ये. त्याच्या पुढची, आषाढी. पुन्हा मध्येच. वर्षभरातली एकही पौर्णिमा खांबावर पडत नव्हती, आणि प्रत्येक खांब दोन पौर्णिमांच्या मधोमध होता.

दोन पौर्णिमांच्या मध्ये काय असतं, हे तिच्या घरात कोणी पाळत नसलं तरी माळावरच्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं.

मग ती भिंतीवरून काढून आणलेल्या जुन्या आलेखाकडे वळली. तिथं खांब नव्हते, छान वळणदार रेघ होती. पण आता तिला कुठं बघायचं ते माहीत होतं. त्या वर्षीच्याही पौर्णिमांच्या नेमक्या मधोमध जुन्या रेघेला एकेक बारीक सपाट पायरी होती. चढताना पायरी, उतरताना पायरी. जणू पाणी महिन्यातून एक दिवस जागच्या जागी थांबत होतं.

पाणी असं थांबत नाही. कोणीतरी त्याला थांबवलं होतं.

पाच

देवमळा केंद्रापासून हाकेच्या अंतरावर. सृष्टी जागी झाल्यावर यशोधरा तिला पदराखाली घेऊन निघाली. लंकाबाई विहिरीच्या कडेला शेळीला पाला टाकत होती. पोरीला बघताच ती पुढं आली आणि यशोधराला कठड्यापासून लांब नेऊन बसवलं.

"लेकरू घेऊन हिरीपाशी यायचं न्हाई, बाय. आसरा असत्यात पान्यात. त्यांची नदर लेकरावरच अस्ती."

यशोधरा असल्या गोष्टी मानणारी नव्हती. पण विहीर खोल होती आणि कठडा बुटका, त्यामुळं लांब बसायला तिची हरकत नव्हती. थोडं पोरीचं झालं, थोडं शेळीचं. मग तिनं विचारलं, की मावशी, तुम्ही रोज मोजता, कधी खाडा होतो का?

लंकाबाईला राग आला. खाडा? ताप असताना ती आली होती, सुनेच्या बाळंतपणातही आली होती. सकाळी चूल पेटायच्या आधी तिची फीत विहिरीत असते, कोणालाही विचारा.

"अवसंलाही?"

लंकाबाईनं तिच्याकडे असं पाहिलं, की शिकलेल्या बाईनं असलं काय विचारावं.

"अवसंला कसं मोजायचं? त्यो आसरांचा दिस. तवा हिरीत दोर न्हाई, बादली न्हाई, अन तुमची ती फीत बी न्हाई. पानी आदल्या सांजंलाच भरून ठिवायचं. आमीच न्हाई, समदीकडं आसंच हाय."

"मग कागदावर काय लिहिता?"

"काय लिवायचं? मोजलंच न्हाई तर कोरंच सोडायचं की. खोटं कसं लिवू?"

परत येताना यशोधरा जवळजवळ पळत होती. पोरीला वाटलं आई खेळतेय; ती खिदळत राहिली.

सहा

संध्याकाळी मॅडमच्या खोलीत पाचजण होते, सृष्टी धरून सहा. महेंद्र तक्रार करायला आला होता, सुनील बोलावणं आलं म्हणून आला होता, आणि श्रीमंतकाका कोणी हाकललं नाही म्हणून दारात उभे होते. यशोधरानं बोलायची परवानगी मागितली तेव्हा मॅडमना आश्चर्य वाटलं, पण त्यांनी तिला खुर्ची दिली.

ती आधी अडखळली. मग पोरीचा जन्मदिवस सांगितला, पट्टी दाखवली, आणि खांब अवसेचे आहेत हे म्हणताच मॅडम स्वतःच पुढं वाकून मोजू लागल्या. त्या मूळच्या कोल्हारच्या. अवसेला त्यांच्या घरीही औत जुंपत नसत. इतकी वर्षं हे आकडे त्यांच्या डोळ्यांखालून गेले होते, आणि अवस इतकी रोजचीच, की त्यांच्या मनात तिची आठवणही आली नव्हती.

पुढचा अंदाज तिनं कांद्याच्या पोत्यावर आणि मसाल्याच्या डब्यावर सांगितला; न मोजलेल्या जागी मुद्दाम एखादा अशक्य आकडा टाकतात, हे ती कॉलेजात शिकली होती. अवसेला तिन्ही गावांत कोणी मोजत नाही. कागद कोरा राहतो. सुनीलभाऊजी वाचताना त्या दिवशी नुसतं 'पुढे' म्हणत असणार आणि ह्यांनी बटण दाबून पुढचा दिवस घेतला असणार. नव्या फाईलला रिकामी वाटी चालत नाही. ती तिथं एक ठरलेला अवाढव्य आकडा ठेवते, आणि डब्यातल्या चिठ्ठीवर लिहिते, की हा आकडा दिसला तर समजा इथं मोजलेलं नाही. ह्यांच्या मशीनवरचा प्रोग्राम ती चिठ्ठी वाचत होता, म्हणून तिथं रेघेत नुसती फट दिसायची, आणि बारीक फटीकडं कोण लक्ष देतं? पण डब्यातून पोत्यात ओतताना चिठ्ठी डब्यातच राहिली. आकडा तेवढा आला. मॅडमच्या मशीनला तो खराच वाटला. त्यानं समुद्राएवढं पाणी मावेल असा आलेख काढला, आणि त्यात आपल्या विहिरीचं चार हात पाणी तळाला चिकटलं.

महेंद्र आ वासून बघत होता. हैदराबादला एका सकाळी त्या चिठ्ठीबद्दल सांगितलं होतं, हे त्याला आता आठवलं. तो मशीनपाशी गेला, फ्लॉपीची दुसरी प्रत केली आणि तिच्यातून तो राक्षसी आकडा जिथं जिथं होता तिथून काढून टाकला. मग आलेख उघडला.

विहीर जिवंत झाली. जूनपर्यंत उतरलेली रेघ पावसाबरोबर उठली, गणपतीत भरली, दिवाळीपर्यंत टिकली आणि पुन्हा सावकाश खाली आली. मध्ये मध्ये तेवढ्या बारीक फटी. श्रीमंतकाकांनी दारातून मान आत घातली आणि म्हणाले, ही बघा आपली देवमळ्याची हीर.

मॅडम हसल्या, पण त्यांचे डोळे टेबलावर परत आलेल्या मागच्या वर्षाच्या आलेखाकडे गेलेले होते. त्या हुशार होत्या. मागच्या वर्षीही अवसा होत्या, लंकाबाईही होती. मग त्या आलेखात फटी का नाहीत?

यशोधराला तो प्रश्न येणार हे माहीत होतं. उत्तरही माहीत होतं. तिनं सृष्टीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि सांगितलं, की आपल्याला बोलावलं होतं ते यंदाच्या खांबांसाठी, आणि त्यांत कोणाचाही हात नाही. बाकीचं तिला सांगता येणार नाही.

सुनील खाली वाकून तो लांब कागद गोळा करू लागला.

मॅडमनी खण उघडला, महेंद्रचा कागद बघितला आणि खण पुन्हा बंद केला. "पाहुणे उद्या काय म्हणतात ते बघू," त्या म्हणाल्या. "जुनी वर्षं अखंड आणि यंदाच फटी, असं का, हे ते विचारणारच. विचारलं तर महेंद्रला उत्तर द्यावं लागेल. नवा माणूस आला आणि काम ढिलं झालं, असंच दिसतंय ते."

सात

त्या रात्री भिंतीपलीकडं सीमाच्या घरात बोलण्याचा आवाज बराच वेळ येत होता. काय बोलत होते ते यशोधरानं ऐकलं नाही, आणि महेंद्रलाही कान देऊ दिला नाही. त्याला तिनं जुन्या आलेखातल्या पायऱ्यांचं सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, उद्या विचारलं की सांगून टाकतो. मग थोड्या वेळानं म्हणाला, की सुनीलला दोन वर्षांपूर्वी कोणी सांगितलंच नसेल की कोरं तसंच ठेवायचं असतं. तेव्हाचा प्रोग्राम तक्त्यात कोरं दिसलं की फट न सोडता तिथं शून्य धरायचा आणि विहीर आटल्यासारखी दिसायची. त्यानं कालचा आकडा आज लिहिला, दुसरं काय करणार?

"मग नका सांगू," यशोधरा म्हणाली, आणि म्हणताना तिला आपलीच भीती वाटली. खणातला कागद तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

पाहुणे दोघं होते. एक टक्कल पडलेले गृहस्थ, शांत बोलणारे; दुसरी तरुण बाई, सतत काहीतरी विचारणारी. यशोधरा पोरीला घेऊन व्हरांड्यातल्या खिडकीपाशी उभी राहिली. सीमाही येऊन तिच्या शेजारी उभी राहिली. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत, पण सीमाचा खांदा तिच्या खांद्याला लागला होता.

आत आलेख उघडले गेले. गृहस्थांना विहिरी आवडल्या. मग त्या तरुण बाईनं पेन्सिलीचं टोक पडद्यावर ठेवलं. या फटी कसल्या? आणि मागच्या वर्षांत त्या का नाहीत?

मॅडम महेंद्रकडे बघत होत्या. महेंद्र पडद्याकडे वळून आलेख पुन्हा पहिल्या विहिरीवर नेऊ लागला. खिडकीतून यशोधराला त्याची पाठ दिसत होती. घामानं शर्ट चिकटलेला.

"मी सांगतो," सुनील म्हणाला.

त्यानं टेबलाच्या कडेला हात टेकले. "या फटी अवसेच्या आहेत, सर. त्या दिवशी इथं विहिरीत कोणी काही सोडत नाही. मागच्या वर्षीही सोडलेलं नव्हतं. तेव्हा आकडे मी भरत होतो. कोरं दिसायला नको म्हणून मी कालचाच आकडा आज टाकत गेलो. यंदा ह्यानं टाकला नाही, म्हणून फटी दिसतात का ते बघायला परवा सकाळी मी या मशीनवर बसलो होतो. यंदाचं खरं आहे, माझं तेवढं दुरुस्त करायचंय."

एवढं बोलून तो मॅडमकडे न बघता खाली बघत राहिला. सीमानं यशोधराचा हात घट्ट धरला.

टक्कल पडलेल्या गृहस्थांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग ते म्हणाले, की त्यांनी बऱ्याच जिल्ह्यांचे आकडे बघितले आहेत, आणि ज्या आलेखात एकही फट नसते त्याचीच त्यांना जास्त धास्ती वाटते. जुन्या वर्षांतले अवसेचे आकडे काढून तिथं कोरं करायला किती दिवस लागतील, असं त्यांनी विचारलं. सुनील म्हणाला, महेंद्र बरोबर बसला तर फार नाही. महेंद्र म्हणाला, बसतो. त्या तरुण बाईनं आणखी एक विचारलं, की मग त्या बायकांना अवसेलाही मोजायला सांगायचं का? यावर मात्र मॅडमच बोलल्या. नको म्हणाल्या, महिन्याला एक फट केंद्राला परवडते, लंकाबाई नाही परवडत.

मग त्यांनी खण उघडला. यावेळी तो बंद व्हायला वेळ लागला, कारण पेनमधली शाई आधी उतरेना. श्रीमंतकाकांनी खिशातलं आपलं पेन दिलं. सही झाली.

सगळे चहाला बाहेर आले. सुनील सीमाच्या बाजूनं गेला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आता तरी जेवाल का?" आणि तो परवापासून पहिल्यांदा हसला. महेंद्र शेवटी बाहेर आला. त्याच्या हातात घडी घातलेला कागद होता. यशोधराला तो वाचून दाखवावा असं त्याला वाटत होतं, पण समोर एवढी माणसं.

त्यानं कागद खिशात टाकला आणि तिच्याकडून सृष्टीला घेतलं. तेव्हा कुठं यशोधराला कळलं, की मघापासून एकाच कडेवर पोर धरून तिचा हात पार बधीर झाला होता. ती बोटं उघडत-मिटत तिथंच उभी राहिली, मुंग्या येईपर्यंत, आणि मग चहाचा कप घ्यायला पुढं झाली.